शेटचा फोन

महादेवीच्या पोटात दुखायला लागलं, त्याला निमित्त झालं एका लाल मिक्सरचं.

मिक्सर आणला तिच्या धाकट्या दिरानं, बसूनं, आणि आणला स्वतःच्या बायकोसाठी. बसू चांदसाब शेटच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. सांगोल्याची डाळिंबं घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचा आणि येताना त्याच्या सीटमागं काही ना काही असायचंच. कधी पैंजण, कधी केसांचे चाप, आता हा मिक्सर. खोका उघडल्या उघडल्या राजेश्वरीनं मोठ्या जावेलाच हाक मारली.

"अक्का, बगा की, चटणी कशी होतीय!"

महादेवीनं बघितलं. भाजलेले शेंगदाणे घरघर फिरले आणि भुरभुरीत होऊन बसले. उखळात कुटताना तिचे खांदे भरून यायचे, ते काम चहा उकळायच्या आत झालं होतं. तिनं चिमूटभर तोंडात टाकली. चटणी चांगली होती. तोच तर त्रास होता.

"त्याल सुटलं न्हाई शेंगाला," ती म्हणाली. "उखळातली ती उखळातली." आणि म्हशीकडं बघून येते म्हणून निघाली.

म्हशीकडं काही काम नव्हतं. गोठ्याच्या मागं जाऊन तिनं कमरेचा मोबाईल काढला आणि नवऱ्याला लावला.

तिचा नवरा मडिवाळप्पा चांदसाबच्याच मोठ्या ट्रकवर होता. सोलापूरच्या यार्डात संध्याकाळी कांदा भरायचा, वाशीला नेऊन उतरवायचा आणि सकाळी मिळेल तो माल घेऊन माघारी फिरायचं. मिसरूड फुटल्यापासून त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. सकाळच्या या वेळेला तो एक्सप्रेस वेवर, घाटात असणार हे महादेवीला पाठ होतं.

"कुटं हाय?"

"घाट चढतोय. का गं?"

"बसूनं मिक्सर आणलाय. लाल."

"बरं केलं की."

"बरं केलं? एका चुलीवर ऱ्हातो आपण. तिच्या एकटीला आणायचा आसतो व्हय? आनि तुमी काय आणलं वाशीवरनं? कांद्याचा वास."

"महादे, मागनं गाडी हॉर्न मारतीय. ठिवू का?"

"ठिवा, ठिवा. मी बोलाय लागले की तुमाला हॉर्न ऐकू येतोय."

मडिवाळप्पानं फोन ठेवला नाही. ठेवला असता तर तिनं परत लावला असता, आणि उचलला नसता तर घरी गेल्यावर ताटात भाकरी पडली असती पण शब्द पडला नसता. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून झोपणाऱ्या बाईपेक्षा त्याला घाट सोपा वाटायचा. तो हूं हूं करत राहिला.

अक्कलकोटच्या पुढं कर्नाटकाच्या अंगाला त्यांचं गाव. घरात कानडी, बाहेर मराठी, भांडण दोन्हीत. सासूसासरे गेलेले, महादेवीची एकुलती एक मुलगी हेमावती इंडीकडं दिलेली. घरात दोन भाऊ, दोन जावा आणि एक म्हैस. महादेवी मनानं वाईट नव्हती. राजेश्वरी लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला हिनंच शिकवलं, तापात तिच्या उशाशी हीच बसली. पण दुसऱ्याच्या ताटातला घास तिला नेहमी मोठा दिसायचा. आणि घासाचं माप घ्यायला तिच्याजवळ एकच माणूस होता. तो स्टेअरिंगवर बसलेला असायचा.

संक्रांतीच्या सुमाराला बसूनं बायकोला सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला नेलं. राजेश्वरी कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून आली. महादेवीसाठीही तिनं डझनभर आणल्या होत्या, पण त्या साध्या होत्या आणि हिच्या खड्याच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्याबरोबर गोठ्यामागून फोन गेला.

"मला कवा नेलं हुतं गड्ड्याला, सांगा. हेमा मांडीवर हुती तवा. तवाबी तुमी गाडीत झोपला आनि मी एकटी पाळणे बगत बसले."

"आवंदा नवी गाडी आली की नेतो. सिद्धेश्वरापुढंच उभी करतो गाडी. मग झालं?"

या एका गोष्टीवर ती गप्प बसायची. चांदसाबनं नवी गाडी काढायला टाकली होती. बारा चाकांची, एसी केबिनची, मागं झोपायला गादी. आणि त्यानं चार ड्रायव्हरांच्या देखत सांगितलं होतं, "वो गाडी मडिवाळ की. मेरे पास उससे जूना कोई नही."

तेव्हापासून महादेवी झालर विणत होती. ट्रकच्या काचेवर वरच्या बाजूला गोंड्यांची लोकरीची पट्टी लावतात, ती. जुन्या गाडीवरची तिनंच केलेली होती, तिचा मधला हिरवा गोंडा कधीच तुटून पडला होता. नव्या गाडीची काच मोठी म्हणून तिनं अक्कलकोटहून लोकर आणली, लाल, पिवळी आणि निळी. रोज दुपारी ओट्यावर बसून विणायची, आणि राजेश्वरी आली की जरा उंच धरून विणायची.

"अक्का, लई झ्याक झालीय. मला शिकवा की."

"तुला कशाला? टेम्पोला एवढी काच कुटं आसती?"

राजेश्वरी हसली. ती कशालाही हसायची, आणि महादेवीला तेही खुपायचं.

नवी गाडी आली त्याच आठवड्यात मडिवाळप्पा एसटीनं घरी आला.

ड्रायव्हर माणूस एसटीनं घरी येतो तेव्हा गावाला कळायला वेळ लागत नाही. खांद्यावर गादीची वळकटी, हातात डबा, दुसऱ्या हातात केबिनमधला बसवेश्वराचा फोटो. पारावरच्या लोकांनी विचारलं, "गाडी कुटं सोडली?" त्यानं "कामाला लावलीया" म्हणून मान हलवली आणि सरळ घर गाठलं. घरात आल्यावर फोटो देवळीत ठेवला आणि पाणी प्यायला.

"काय झालं?" महादेवीनं विचारलं.

"आरटीओचं बोलावणं आलंय. चलनं लई झाली. लायसनवर सुनावणी हाय."

"कसली चलनं?"

"रस्त्यावर होतंय की. हे न्हाई तर ते."

"आनि नवी गाडी?"

त्यानं डबा चुलीपाशी नेऊन ठेवला. उत्तर संध्याकाळी दारात येऊन उभं राहिलं. बारा चाकं, पांढरीशुभ्र केबिन, आणि दार उघडून खाली उतरला बसू. त्याच्या मागून चांदसाब उतरला, डोक्यावरची टोपी सारखी करत.

चांदसाब भला माणूस होता. त्यानं घोंगडीवर बसून मडिवाळप्पाचा हात हातात घेतला. "देख भई मडिवाळ, मेरा नाइलाज हाय. चलन गाडीच्या नंबरवर येतंय, पर मग आरटीओ मला इचारतंय, ड्रायवर कोन हुता. मला नाव द्यावं लागतंय. आता तुज्या लायसनचा निकाल लागेपर्यंत तुला गाडीवर बसवला आनि कुटं ठोकली, तर विमावाला हात वर करतो. मी रस्त्यावर येतो. बसूचं लायसन साफ हाय. एक डाग न्हाई. घरातली गाडी घरातच ऱ्हातीय की."

"बरोबर हाय शेट," मडिवाळप्पा म्हणाला.

बसू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं वर बघितलं नाही.

नवी गाडी आली की ड्रायव्हरची बायको ती ओवाळते, अशी त्या गावची रीत. चाकाखाली लिंबू ठेवायचं, बॉनेटला हळदकुंकू लावायचं, काचेवर पहिली झालर तिच्या हातची. महादेवीनं त्या दिवसासाठी इलकल साडी धुऊन घडी करून ठेवली होती. ती पेटीतच राहिली. आरती राजेश्वरीच्या हातात गेली. चांदसाबनं टोपी काढून हात जोडले, बसूनं लिंबावरून गाडी पुढं घेतली, आळीतल्या बाया म्हणाल्या, "राजीचं नशीब गं!"

राजेश्वरी आत आली. "अक्का, झालर देता? तुमीच लावा तुमच्या हातानं."

"झालर?" महादेवी म्हणाली. "ती म्या म्हशीसाठनं इनलीया."

आणि तिनं खरोखरच खुर्ची घेतली, खिळा ठोकला आणि ती लाल-पिवळी-निळी झालर गोठ्याच्या दारावर बांधली. म्हैस आतबाहेर करताना गोंडे तिच्या शिंगांत अडकू लागले. तिला आवडलं असावं. ती दारातच उभी राहायला लागली.

ज्वारी काढणीला आली होती. सुनावणीची तारीख लांब होती, म्हणून मडिवाळप्पा रानात उतरला. मालदांडीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. ताट दोन्ही हातांनी धरायचं, अंग मागं टाकायचं आणि कमरेतून हिसका द्यायचा. बाया ते गाणं गुणगुणावं तसं करत होत्या. मडिवाळप्पाचं पोट पुढं आलेलं, पाठीला सीटची सवय झालेली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या तळहातावर फोड आले आणि फुटले. तो फडकं गुंडाळून उपटत राहिला, पण त्याची पात मागं पडत गेली आणि शिवबाई दोनदा त्याच्या पातीतली ताटं उपटून देऊन पुढं गेली.

शिवबाई शेजारची, तोंडानं फटकळ. "थोरले, गेर बदला की," ती ओरडली. बाया खिदळल्या. मडिवाळप्पाही हसला. महादेवी हसली नाही. तिला वाटलं, पदर खोचावा आणि एकेकीच्या झिंज्या धराव्यात.

आणि उपटता उपटता तिच्या डोक्यात हिशेब जुळला. दिवाळीनंतर मडिवाळप्पा तापानं पडला होता, तेव्हा मोठी गाडी बसू घेऊन गेला होता. एक नाही, बऱ्याच फेऱ्या. बसू गाडी पळवतो हे साऱ्या गावाला माहीत. चलन येतं गाडीच्या नंबरवर. चांदसाबनं विचारलं असणार, कोण होता गाडीवर. आणि हा देवमाणूस म्हणाला असणार, मीच. लहानपणी बसूनं कुणाची काच फोडली की मार थोरला खायचा, हे तिला सासूनं सांगितलं होतं. ताट उपटून मुळाची माती झटकावी तसं सगळं तिला उघडं दिसलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं विळीवर बसलेल्या राजेश्वरीला गाठलं.

"बरं हाय बाई तुजं. नवरा एसीत आनि जाऊ मातीत."

"काय झालं अक्का?"

"माज्या नवऱ्याच्या लायसनवर पाय दिऊन तुजा नवरा गाडीत चढलाय, ते झालं. चलनं त्याची, नाव ह्येंचं. साफ लायसन म्हनं! दुसऱ्याच्या अंगावर घाण टाकली की आपलं साफच ऱ्हातंय."

राजेश्वरीच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. ती पहिल्यांदाच हसली नाही. "अक्का, ती चलनं तर..."

"राजेश्वरी," ओट्यावरून मडिवाळप्पाचा आवाज आला. "च्या टाक जरा."

"व्हय भावजी." ती उठली आणि चुलीकडं गेली.

महादेवी नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "तिला का गप केलं? बोलू द्या की."

"बसूचं नाव घ्यायचं काम न्हाई."

"घेणार. आरटीओत येऊन घेणार."

"तू येऊ नको तितं."

एवढं म्हटल्यावर तर ती गेलीच असती. नवरा भावाला पाठीशी घालतो आणि बायकोला दाराबाहेर ठेवतो, या विचारानं तिला रात्रभर आग आग होत राहिली. तिच्यासाठी कधी तो असा आडवा पडला होता? मिक्सर नाही, गड्डा नाही, गाडी नाही. आणि भावासाठी अख्खं लायसन.

सुनावणीच्या दिवशी तिनं इलकल नेसली.

आरटीओच्या ऑफिसात दोघं बाकावर बसून राहिले. मडिवाळप्पानं खाकी शर्ट घातला होता, बॅज लावून. तळहात त्यानं मांडीवर उलटे ठेवले होते, म्हणजे फोड दिसू नयेत. आजूबाजूला दुसरे ड्रायव्हर होते, कुणी वाळूचे, कुणी उसाचे. बायको घेऊन कुणीच आलं नव्हतं. ते महादेवीकडं बघत होते आणि मडिवाळप्पा जमिनीकडं.

नाव पुकारल्यावर दोघं आत गेले. टेबलामागं चष्मा लावलेल्या मॅडम होत्या, हेमावतीहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. "मडिवाळप्पा तुम्हीच?"

"व्हय मॅडम."

"आणि ह्या?"

"मी बायको," महादेवी म्हणाली आणि टेबलाला धरून उभी राहिली. "मॅडम, मला बोलायचं हाय. ह्यो गुन्हा ह्येंचा न्हाईच. ह्येंच्या भावाचा हाय. त्यो गाडी लई पळवतोय. ह्येनी भावासाठनं नाव लावून घेतलंय. तुमी त्याला बोलवा, त्याचं लायसन तपासा. बसवराज त्याचं नाव."

"महादे, गप," मडिवाळप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती, पण तिला ती ऐकू आली नाही.

मॅडमनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "वेगाचं एकही चलन नाही इथं," त्या म्हणाल्या. "सगळी मोबाईलची आहेत. गाडी चालवताना मोबाईल. कॅमेऱ्यानं फोटो काढलेत." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा महादेवीकडं वळवला. "हे तुमचे दीर आहेत का, बघा."

फोटो वरून काढलेला होता, काचेतून. वर जुनी झालर, मधला हिरवा गोंडा नसलेली. खाली तिचा नवरा. गळ्यात पंचा, उजवा हात स्टेअरिंगवर, डावा कानाशी.

मॅडमनी बटण दाबलं. दुसरा फोटो. तसाच हात, तसाच कान. तिसऱ्यात त्याच्या डोक्याला कानटोपी होती. तापातून उठल्यावर पहिल्याच फेरीला ती टोपी महादेवीनं त्याला दिली होती, आणि त्या सकाळी फोन करून विचारलं होतं की तुम्ही आजारी असताना बसूनं राजीला साडी कुठल्या पैशानं घेतली. चौथ्या फोटोखाली संक्रांतीनंतरची तारीख होती. गड्ड्याच्या बांगड्या. पाचवा त्याच्याही आधीचा होता, त्यात त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, तोंड किंचित उघडं होतं, हूं म्हणताना असतं तसं. तो मिक्सर असावा.

सगळ्या फोटोंखालची वेळ सकाळची होती. म्हशीची धार काढून झाल्यावरची.

महादेवीनं टेबल सोडलं नाही.

"घाटात, एवढी अवजड गाडी, एका हातात," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यामागं एखादी शाळेची बस असती तर? एवढा कुणाचा फोन असतो हो?"

महादेवीनं नवऱ्याकडं बघितलं. आता तो सांगणार, आणि मॅडम हसणार, आणि बाहेरच्या बाकावरचे ड्रायव्हर हसणार. सांगायलाच हवं होतं त्यानं.

"शेटचा," मडिवाळप्पा म्हणाला.

"शेटला सांगता येत नाही, गाडी चालवतोय म्हणून?"

"सांगतो की मॅडम. ऐकत न्हाईत. लई तापट हायत."

मॅडमनी मान हलवली. लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित, त्या म्हणाल्या, आणि परत मिळाल्यावर पुन्हा एकदा असं झालं तर कायमचं जाईल. मडिवाळप्पानं खिशातून लायसन काढलं. प्लॅस्टिकचं पाकीट पिवळं पडलं होतं. लायसन त्यातून निघेना. फोडांच्या बोटांनी तो ओढत राहिला, शेवटी दातांनी कोपरा धरून ओढलं, शर्टाला पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

एसटी स्टँडवर त्यानं दोन चहा घेतले. महादेवीचा चहा तिच्या हातात निवला.

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगायचं?"

"फोटू निगतोय म्हनून."

"सांगितलं की," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं तिला जास्त लागलं. "घाट हाय म्हनलं. हॉर्न मारतोय म्हनलं. ठिवू का म्हनलं. आनि काय सांगायचं आसतंय?"

तिनं निवलेला चहा जमिनीवर ओतून दिला. मग तिला आठवलं. "राजीला ठावं हाय?"

"शेटनं बसूला दावलं फोटू. बसूनं तिला सांगितलं आसंल."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती राजेश्वरीला काय काय बोलली, ते सगळं त्या पोरीनं माहीत असून ऐकून घेतलं होतं. महादेवीला वाटलं, अक्कलकोटची गाडी येऊच नये.

आता कुणालाही वाटेल की त्या दिवसापासून ती सुधारली. माणूस इतक्या पटकन सुधारत नाही. लाजेनं ती दोनचार दिवस खाली मान घालून राहिली, राजेश्वरीला नुसतं "बाई, बाई" करत. पण लाज निवली की तिच्याखाली जुना निखारा होताच. उलट आता तो जास्त फुलला, कारण आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

बसू फेरीवरून यायचा तेव्हा पांढरी गाडी आळीच्या तोंडाशी उभी राहायची. पोरं केबिनमध्ये चढून एसी खायची. राजेश्वरी बसूला कधी फोन करायची नाही. गाडी कुठं थांबली की तोच करायचा, आणि ती उखळाजवळ बसून हळू आवाजात बोलायची, गालातल्या गालात हसत. ते महादेवीला बघवेना. न विचारता फोन येणारी बाई कशी असते, तिच्या अंगात काय वेगळं असतं, हे ती भाकरी थापता थापता बघत राहायची. तिला स्वतःला कधी फोन आला नव्हता. आला असता, तर तिनं केला असता का? पण ती थांबली तरी कधी होती, येतो का बघायला?

ज्वारीची कणसं खुडून झाली. कडब्याच्या पेंढ्या बांधून गंज रचायची होती. मडिवाळप्पा डोक्यावरून पेंढ्या आणत होता. त्याचं पोट उतरलं होतं, मान उन्हानं काळी पडली होती. त्या दिवशी सकाळी राजेश्वरीनं त्याच्या हातांसाठी कोमट तेलात हळद घालून वाटी पुढं ठेवली. "भावजी, लावा." तो "बरं झालं पोरी" म्हणाला. महादेवीला ते सुचलं नव्हतं. तिला त्या वाटीचा इतका राग आला की ती उंबऱ्यातूनच माघारी फिरली.

कुंपणाच्या पलीकडून शिवबाई म्हणाली, "महादे, काय दिवस आले गं. धाकला शेट झाला आनि थोरला गडी."

महादेवीनं कुंपणाकडं पाठ केली. ती गोठ्याच्या मागं गेली.

सकाळची वेळ होती. धार काढून झाली होती. बसू आता घाट चढत असेल. तिनं कमरेचा मोबाईल काढला. तिला आता माहीत होतं, एक फोन काय करतो ते. पोलीस नको, आरटीओ नको, भांडण नको. वहिनीचा फोन बसू टाळणार नाही. एका हातानं उचलेल, वर कॅमेरा असेल, आणि त्या साफ लायसनवर पहिला डाग पडेल. मग पुढच्या आठवड्यात दुसरा फोन. कुणाला कळणारही नाही. तिनं नंबर लावला.

घंटी वाजली. वाजत राहिली. बंद पडली.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं नाही, रागच आला. माझा फोन उचलत नाही! तिनं परत लावला. परत वाजून बंद पडला. मग ती घाबरली, कशाला ते तिचं तिलाही कळेना. मोबाईल पदरात गुंडाळून ती उकिरड्यावरच्या कोंबड्यांकडं बघत उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या पदरात फोन वाजला.

"वैनी! काय झालं?" बसूला धाप लागली होती. मागं इंजिनाचा आवाज नव्हता. "दादा बरा हाय न्हवं? दोनदा फोन आला तुमचा, पण घाटात गाडी बाजूला घ्याला जागाच घावंना. आता वर येऊन ढाब्याला लावली. बोला, बोला, काय झालं?"

महादेवीनं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"वैनी?"

"न्हाई," ती म्हणाली. "काय न्हाई. जेवलास का?"

"एवढ्यासाठनं केला व्हय?"

"व्हय."

"न्हाई अजून. आता जेवतो." तो हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "वैनी, एक इचारू? ती झालर म्हशीनं खाल्ली का हाय अजून? काच लई मोकळी दिसतीय. समोर बगितलं की घरातलं कायच न्हाई दिसत. राजीला काय इनता येत न्हाई."

"हाय," ती म्हणाली. "एक गोंडा चघळलाय म्हशीनं. धुऊन ठिवते."

"ठिवा. आनि दादाला सांगा, तीन महिनं बगता बगता जातील."

फोन बंद झाला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिनं ते पदरानं पुसले. तेलाच्या वाटीचा राग अजून होताच, पण आता तो कुणावर धरावा ते तिला कळत नव्हतं.

गोठ्याच्या कोपऱ्यावरून मडिवाळप्पा आला. डोक्यावर कडब्याची पेंढी होती, त्यामुळं त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. कधीपासून तिथं होता, कुणास ठाऊक.

"कुणाचा फोन?" त्यानं विचारलं.

"शेटचा," ती म्हणाली.

त्यानं पेंढी खाली टाकली. मानेवरचा कडब्याचा पाला झटकला. चांदसाबनं जन्मात कधी तिच्या मोबाईलवर फोन केला नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

"मग बोल की निवांत," तो म्हणाला. "तुला कुटं गाडी चालवायचीया."